नामदार गोखले : न मांडलेला एक जमाखर्च

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळाच्या इतिवृत्तांच्या जुन्या वह्या आम्ही पुन्हा एकदा चाळल्या. शाई फिकट झालेली, पानांच्या कडा दुमडलेल्या. पण मंडळाचा अर्धशतकाचा संसार त्यांतून स्पष्ट दिसतो. गणेशोत्सवाचा जमाखर्च, नाटकाच्या तालमी, संक्रांतीचे हळदीकुंकू, मुलांच्या मराठी वर्गासाठी अंकलिप्या मागविल्याची नोंद, ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली कोणाकडे राहावी याचा ठराव. या साऱ्या कामांखाली वर्षानुवर्षे तीच तीन-चार नावे आढळतात. आणि मग एखाद्या वर्षी त्यांतले एक नाव एकाएकी दिसेनासे होते. प्रकृतीच्या कारणाने राजीनामा आला व तो मंजूर झाला, एवढीच काय ती नोंद. त्या एका ओळीमागे काय घडलेले असते ते आपणां सर्वांना ठाऊक आहे. दिवसभर कचेरी, संध्याकाळी मंडळ, रात्री जागून हिशेब, असे दहा-पंधरा वर्षे चालते. आणि कार्यकर्ता थकला की त्याच्याबरोबर कामही थकते.

या वह्या मिटताना आमच्या मनात राहून राहून एका थोर पुरुषाचे स्मरण होत होते. कामाची शिस्त कशी असावी हे ज्यांच्याकडून शिकावे, आणि त्या शिस्तीत काय निसटू देऊ नये हेही ज्यांच्याच चरित्रावरून उमगावे, असे ते पुरुष म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले. त्यांच्या आयुष्याची मोठी उमेद महाराष्ट्राबाहेर, कलकत्त्याच्या कायदेकौन्सिलात आणि समुद्रापलीकडच्या प्रवासांत खर्ची पडली. तेव्हा घरापासून दूर राहणाऱ्या आपणांसारख्यांना ते परके वाटू नयेत.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीस होते. १८७९ साली ते वारले आणि घराचा आधार गेला. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठविण्यास आरंभ केला. उरलेल्या सात रुपयांत त्यांनी संसार चालविला. आपल्या प्रत्येक तासामागे दुसऱ्या कोणाचे तरी कष्ट उभे आहेत, ही जाणीव गोखल्यांच्या मनात तेव्हापासून रुजली असावी. वेळ वाया घालविणे म्हणजे भावाचे पैसे उधळणे, असाच त्या मुलाचा हिशेब असला तर नवल नाही. ही जाणीव त्यांचे बळ ठरली आणि पुढे तीच त्यांना विसावा घेऊ देईना.

१८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाल्यावर ते पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि लवकरच डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून महिना पंचाहत्तर रुपयांवर फर्ग्युसन कॉलेजच्या सेवेस लागले. तेथे त्यांनी इंग्रजी शिकविले, गणित शिकविले, इतिहास व अर्थशास्त्रही शिकविले. त्यांनी रचलेले अंकगणिताचे पुस्तक पुढे देशभर शाळांतून चालले. कॉलेजसाठी वर्गणी गोळा करण्यास ते सुट्टीत गावोगाव हिंडत. आगरकरांच्या सुधारकाची इंग्रजी बाजू त्यांनी काही वर्षे सांभाळली, सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले, सभेच्या त्रैमासिकाचे संपादन केले आणि १८९५ च्या पुण्याच्या काँग्रेस अधिवेशनाची चिटणिशीही त्यांच्याच खांद्यावर आली. तेव्हा त्यांना तिशीही गाठायची होती. आपल्या मंडळातील एखाद्या उत्साही कार्यवाहाची यादीही याहून फार निराळी नसते. फरक असतो तो कामाच्या आवाक्याचा.

या धबडग्यात त्यांना तारले ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या शिकवणीने. सुमारे चौदा वर्षे, म्हणजे १९०१ साली रानडे दिवंगत होईपर्यंत, गोखले त्यांच्या हाताखाली एखाद्या विद्यार्थ्याप्रमाणे बसले. सरकारी अहवाल, जमाबंदीचे कागद, दुष्काळासंबंधीचे आकडे हे सारे वाचावे, त्यांतला मुद्दा वेचावा, मसुदा लिहावा आणि गुरूने काटछाट केल्यावर तो पुन्हा लिहावा, अशी ती शिस्त होती. त्या शिस्तीतून गोखल्यांना कार्यक्षमतेचे मुख्य तत्त्व गवसले. बोलण्याआधी अभ्यास पुरा झालेला असावा, आणि एकदा पुरा झालेला अभ्यास पुन्हा पुन्हा उपयोगी पडावा. ज्याची तयारी अर्धी असते त्याला प्रत्येक सभेला नव्याने धावपळ करावी लागते; ज्याची तयारी पक्की असते त्याचे निम्मे कष्ट वाचतात. पुढे कौन्सिलात सरकारी अधिकारी त्यांच्या आकड्यांना दबकून असत, त्याचे मूळ या चौदा वर्षांत होते.

१८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेस गेले. साक्ष इतकी भक्कम झाली की तरुण गोखल्यांचे नाव इंग्लंडातील जाणत्या मंडळींत पोहोचले. पण त्याच प्रवासात कॅले येथे अपघात होऊन त्यांच्या छातीला मार बसला. सोबत्यांना त्रास नको म्हणून त्यांनी ही गोष्ट लगेच कोणाला कळू दिली नाही. काम आधी, दुखणे मागाहून, हा नियम त्यांनी स्वतःपुरता तेथेच घालून घेतला असे आता मागे वळून पाहताना वाटते.

१९०२ मध्ये फर्ग्युसनच्या सेवेतून ते निवृत्त झाले, आणि त्याच वर्षी मार्चच्या २६ तारखेस कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेकौन्सिलात त्यांचे अंदाजपत्रकावरील पहिले भाषण झाले. सरकारने त्या वर्षी कोट्यवधी रुपयांची शिल्लक दाखविली होती. सर्वत्र अभिनंदनाचा सूर होता. गोखल्यांनी मात्र निराळाच प्रश्न पुढे ठेवला. दुष्काळ आणि प्लेग यांनी गांजलेल्या प्रजेकडून गरजेपेक्षा अधिक कर घेतल्यामुळे जी शिल्लक उरते, ती भरभराटीची खूण कशी मानावी? वहीत शिल्लक दिसत असली तरी खरी मत्ता झिजत चालली आहे, हे त्यांनी आकड्यांनी दाखवून दिले. पुढील काही वर्षे दर अंदाजपत्रकाला देशाचे लक्ष त्यांच्या भाषणाकडे लागून राहू लागले. मिठावरील कर १९०३ ते १९०७ या काळात मणामागे अडीच रुपयांवरून टप्प्याटप्प्याने एक रुपयावर आला. त्याला अनेक कारणे असतील; पण मिठाच्या कराविरुद्ध सतत, संयमाने आणि आकडे हाती घेऊन बोलणारा आवाज गोखल्यांचा होता, याविषयी दुमत नाही.

या पहिल्या भाषणाच्या काही आठवडे आधीची एक गोष्ट मात्र आम्हांला अधिक बोलकी वाटते. कलकत्त्याची काँग्रेस आटोपून मोहनदास गांधी नावाचे दक्षिण आफ्रिकेतून आलेले बॅरिस्टर सुमारे महिनाभर गोखल्यांच्या बिऱ्हाडी राहिले. वयाने ते गोखल्यांहून तीनच वर्षांनी लहान. गोखल्यांचा दिनक्रम त्यांनी अगदी जवळून पाहिला. एक क्षणही फुकट जात नाही, खाजगी गप्पासुद्धा देशकार्याशी जोडलेल्या, हे पाहून ते भारावून गेले. पण त्यांची नजर चिकित्सक होती. हे गृहस्थ नेहमी आजारी का असतात, याचे उत्तर त्यांना दिनक्रमातच सापडले. गोखले फिरावयाससुद्धा जात नसत. गांधींनी त्यांना त्याबद्दल विचारले. सार्वजनिक कामातून व्यायामालाही वेळ काढता येऊ नये काय, अशी तक्रारही केली. गोखल्यांनी उलट विचारले की, फिरायला जाण्याइतका मोकळा मी तुम्हांला कधी दिसलो आहे काय? गांधींनी आदरापोटी वाद घातला नाही, पण त्यांचे समाधानही झाले नाही. काम कितीही असो, जेवणासाठी जसा वेळ काढतो तसा व्यायामासाठीही काढलाच पाहिजे, त्याने काम घटत नाही, उलट काम करण्याची शक्ती वाढते, हे मत त्यांनी पुढे आत्मचरित्रातही नोंदविले आहे.

गोखले अरसिक होते असा याचा अर्थ कोणी करू नये. बिलियर्ड खेळण्यासाठी ते कलकत्त्याच्या इंडिया क्लबात जात, आणि माणसांत बसणे त्यांना मनापासून आवडे. उणीव होती ती एकाच गोष्टीची. विश्रांती त्यांच्या लेखी कामातून उरलीच तर घ्यावयाची गोष्ट होती, आणि त्यांच्या हातून काम कधी उरतच नसे. शिल्लक दाखविणाऱ्या सरकारला त्यांनी जो प्रश्न विचारला, तो स्वतःच्या देहाला मात्र कधी विचारला नाही. कामाच्या खाती जमा वाढत होती आणि देहाची मत्ता झिजत होती. हा जमाखर्च त्या थोर अर्थशास्त्रज्ञाने कधी मांडलाच नाही.

तथापि गोखल्यांच्या ठायी दूरदृष्टी नव्हती असे म्हटले तर तो मोठाच अन्याय होईल. देशाचे काम एका माणसाचे नव्हे, हे त्यांच्याइतके स्पष्ट फार थोड्यांनी ओळखले होते. १२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. पहिल्या दिवशी त्यांच्यासह शपथ घेणारे तिघेच होते : नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत विनायक पटवर्धन. सभासदाने पैसा मिळविण्याची हाव सोडावी, निर्वाहापुरते मानधन घ्यावे, कोणाशी वैयक्तिक भांडण करू नये, आणि आरंभीची पाच वर्षे केवळ शिकण्यात व अनुभव घेण्यात घालवावीत, असे नियम होते. यांतला पाच वर्षांच्या उमेदवारीचा नियम आम्हांला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी व्यासपीठावर ढकलावयाचे नाही आणि वर्षानुवर्षे सतरंज्या घालावयासही लावायचे नाही. त्याने आधी पाहावे, वाचावे, हिंडावे, मग जबाबदारी घ्यावी. रानड्यांनी जे एका शिष्यासाठी केले, ते गोखल्यांनी संस्थेच्या नियमांत बसविले.

याचे फळ काय मिळाले ते सर्वश्रुत आहे. देवधरांनी १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्यासह पुण्याचे सेवासदन उभारले. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि १९२० मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला. १९१४ मध्ये समाजात आलेल्या ठक्कर बाप्पांनी भिल्लांच्या सेवेला वाहून घेतले. मद्रासकडचे श्रीनिवास शास्त्री आणि उत्तरेकडचे हृदयनाथ कुंझरू हेही या समाजातलेच. मद्रास, मुंबई, अलाहाबाद, नागपूर अशा शाखा निघाल्या, आणि मराठी माणसाने पुण्याच्या टेकडीवर लावलेल्या रोपाला निरनिराळ्या भाषांची माणसे पाणी घालू लागली. परप्रांतात संस्था चालविणाऱ्या आपणांस ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे.

दुर्दैवाने, इतरांसाठी आखलेली ही व्यवस्था गोखल्यांनी स्वतःला कधी लागू केली नाही. १९०५ सालच्याच उत्तरार्धात ते इंग्लंडात गेले आणि काही आठवडे जवळजवळ दररोज कोठे ना कोठे भाषण देत हिंडले. परत आले ते डिसेंबरात काशीच्या काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविण्यासाठी. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी मिळालेला हा मान मोठा होता. पण पुढच्याच वर्षी पुन्हा विलायत, १९०८ मध्ये पुन्हा विलायत, आणि मधल्या प्रत्येक हिवाळ्यात कलकत्ता. ज्या गोविंदरावांच्या आठ रुपयांवर हे सारे आयुष्य उभे राहिले होते, ते १९०७ मध्ये निवर्तले. मधुमेहाने तोवर शरीरात घर केले होते.

१६ मार्च १९११ रोजी त्यांनी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचे विधेयक कौन्सिलात मांडले. वर्षभर देशातील मते गोळा करून, आक्षेपांना एकेक उत्तर देऊन त्यांनी ते पुन्हा पुढे आणले. १९ मार्च १९१२ रोजी ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. एवढ्या श्रमांनंतर थोडा विसावा घेण्याचा अधिकार कोणालाही असता. पण त्याच वर्षी सरकारी नोकऱ्यांची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनचे सभासदत्व त्यांनी पत्करले, आणि ऑक्टोबरात ते दक्षिण आफ्रिकेत दाखल झाले.

त्या दौऱ्याची एक आठवण परदेशी व परप्रांती मराठी माणसाला जिव्हाळ्याची वाटावी अशी आहे. जोहान्सबर्गच्या सभेत कोकणी मुसलमान आणि काही मराठी हिंदू होते. गांधींनी आग्रह केला की गोखल्यांनी तेथे मराठीत बोलावे, भाषांतर आपण करू. गोखल्यांना गांधींच्या मराठीची शंका होतीच. त्यांनी थट्टाही केली. पण ते मराठीत बोलले, आणि परतीच्या वाटेवर थेट झांझिबारपर्यंत अशा सभांतून मराठीतच बोलत राहिले. मायभूमीपासून हजारो मैलांवर आपल्या भाषेत देशाचा पुढारी बोलतो आहे, हे ऐकून त्या श्रोत्यांना काय वाटले असेल याची कल्पना आपण सहज करू शकतो. त्याच दौऱ्यात टॉल्स्टॉय फार्मवर पोहोचण्यासाठी स्थानकापासून सुमारे दीड मैल पायी जावे लागले, पावसाने गाठले, सर्दी झाली. तरी स्वतःसाठी वेगळी सोय ते करू देत ना. बोथा आणि स्मट्स या मंत्र्यांची भेट व्हावयाची होती, तेव्हा गांधींकडून साऱ्या प्रश्नाची टिपणे लिहवून घेऊन त्यांनी रात्र अभ्यासात घालविली. तयारी रानड्यांच्या शाळेची होती. शरीर मात्र आता त्या शाळेतल्या तरुणाचे राहिले नव्हते.

१९१३ च्या अखेरीस आफ्रिकेतील सत्याग्रह पेटला तेव्हा गोखले आजारी होते. अंथरुणावरूनच त्यांनी तारा केल्या, निधी उभा केला, अँड्र्यूज आणि पिअर्सन यांना तिकडे धाडले. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा प्रकृतीच्या कारणाने फ्रान्समध्ये गेलेले गोखले पॅरिसला अडकून पडले. जानेवारी १९१५ मध्ये गांधी मायदेशी परतले, आणि पुण्याच्या भारत सेवक समाजात त्यांच्यासाठी स्नेहमेळावा झाला. गोखल्यांना तेथे मूर्च्छा आली. अशी मूर्च्छा त्यांना अधूनमधून येतच असे. त्यांनी मेळावा मोडू दिला नाही. फेब्रुवारीत, मृत्यूला दोनच दिवस उरले असताना, त्यांनी भावी राज्यसुधारणांचा एक मसुदा लिहून पुरा केला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी रात्री त्यांनी देह ठेवला. वय अवघे अठ्ठेचाळीस. राजकारणात ज्यांच्याशी त्यांचा उभा दावा होता ते लोकमान्य टिळक सिंहगडाहून खाली उतरले आणि स्मशानात त्यांनीच गोखल्यांचा गौरव केला.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. मधुमेहावरील इन्सुलिन पहिल्यांदा माणसाला टोचले गेले ते १९२२ मध्ये, गोखल्यांच्या निधनानंतर सात वर्षांनी. तेव्हा रोज संध्याकाळी ते फिरावयास गेले असते तर शंभर वर्षे जगले असते, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण आणखी थोडी वर्षे लाभली असती तर! १९१९ च्या सुधारणांच्या वेळी, पंजाबच्या दुःखाच्या वेळी, टिळक आणि गांधी यांच्यामध्ये बोलू शकणारा तो एक माणूस देशाजवळ असता तर! असे विचार मनात येतातच, आणि ते चुटपूट लावून जातात.

दुसरीकडे, जे त्यांनी वाटून दिले ते मात्र त्यांच्या मागे टिकले. त्यांनी एकट्याने उचललेली ओझी त्यांच्याबरोबर खाली ठेवली गेली. शिष्यांच्या खांद्यावर दिलेली कामे पुढे दशकानुदशके चालली. समाजाची धुरा शास्त्र्यांनी उचलली, मग देवधरांनी, मग कुंझरूंनी. शिक्षणाच्या विधेयकाचे बीजही मेले नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. कलकत्त्यातल्या त्या पराभवाला तेव्हा अठ्ठ्याण्णव वर्षे झाली होती. काही कामे एका आयुष्यात बसतच नाहीत, हे ओळखले म्हणजे ती एका आयुष्यात बसविण्यासाठी जिवाचा आटापिटा करण्याचे कारण उरत नाही.

नामदार गोखल्यांच्या थोरवीपुढे आमचे मस्तक नेहमीच नम्र राहील. परंतु थोरांचे केवळ गुण घ्यावेत आणि त्यांच्या उणिवांकडे डोळेझाक करावी, ही काही खरी भक्ती नव्हे. अभ्यास पक्का करून वेळ वाचविणे, नव्या माणसाला धीराने तयार करणे, मतभेदांत वैर न येऊ देणे, हे त्यांच्याकडून घ्यावे. आणि सायंकाळचे फिरणे, वेळचे जेवण, पुरेशी झोप यांना कामातून उरलेला वेळ न देता कामाइतकाच हक्काचा वेळ द्यावा, हा धडा त्यांनी न मांडलेल्या जमाखर्चातून घ्यावा.

मंडळाच्या एक्कावन्नाव्या वर्षाची इतिवृत्ताची वही कोरी आहे. प्रत्येक पदाधिकाऱ्याने आपल्या शेजारी एक तरुण किंवा तरुणी बसवून घ्यावी, हिशेब कसा लिहितात, सभागृह कसे ठरवितात, नाटकमंडळींशी पत्रव्यवहार कसा करतात ते दाखवावे, आणि वर्षातून निदान एक उत्सव स्वतः श्रोत्यांत बसून पाहावा, एवढीच आमची विनंती आहे. ग्रंथालयाच्या कपाटाच्या किल्ल्या दोन करून घ्याव्यात, हेही जाता जाता सुचवितो. नव्या वहीत नवी अक्षरे उमटावीत, आणि जुनी अक्षरे ज्यांची, त्यांनी ती आरामात बसून, चष्मा पुसून, कौतुकाने वाचावीत.